अलघुपेशी फुप्फुस कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची उत्तरजीविता

अलघुपेशी फुप्फुस कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या रुग्णांपैकी किती जण ठरावीक कालावधीनंतर हयात असतात, या मोजमापाला शस्त्रक्रियेनंतरची उत्तरजीविता असे म्हणतात. हा कालावधी बहुधा पाच वर्षांचा धरला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात यावरून फुप्फुसाच्या कर्करोगाचे लघुपेशी आणि अलघुपेशी असे दोन मुख्य वर्ग पडतात. दवाखान्यात त्यांना अनुक्रमे ‘स्मॉल सेल’ व ‘नॉन-स्मॉल सेल’ म्हणतात. सुमारे ८५ टक्के रुग्ण दुसऱ्या वर्गातील असतात. अडिनोकार्सिनोमा, स्क्वॅमस पेशींचा कर्करोग आणि बृहत्पेशी कर्करोग हे त्याचे प्रमुख प्रकार होत. लघुपेशी कर्करोग फार लवकर शरीरभर पसरतो, म्हणून त्यात शस्त्रक्रियेला क्वचितच वाव असतो. अलघुपेशी कर्करोग वेळेत सापडल्यास मात्र शस्त्रक्रिया हा रोगमुक्तीचा सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जातो.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची उत्तरजीविता सरसकट एका आकड्यात सांगता येत नाही. अगदी लहान गाठ असलेल्या गटात पाच वर्षांनंतर १०० पैकी सुमारे ९० रुग्ण हयात असतात. छातीच्या मध्यभागातील लसीका ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या अनेक गटांत हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येते. शिवाय हे सर्व आकडे केवळ शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू शकलेल्यांचे आहेत. निदानाच्या वेळी रोग पुढे गेलेला असल्यामुळे किंवा फुप्फुसे व हृदय दुबळे असल्यामुळे बहुसंख्य रुग्णांवर शस्त्रक्रिया करताच येत नाही, ही गोष्ट या विषयावरील कोणताही आकडा वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

संकल्पना आणि मोजमाप

‘पाच वर्षांची उत्तरजीविता ७० टक्के’ या विधानाचा अर्थ रुग्ण पाच वर्षेच जगतो असा नाही, आणि त्याची प्रकृती ७० टक्के बरी आहे असाही नाही. समान अवस्थेतील १०० जणांपैकी ७० जण पाच वर्षांच्या टप्प्यावर हयात होते, एवढेच ते विधान सांगते. त्या ७० जणांपैकी पुष्कळ जण त्यानंतरही अनेक वर्षे जगतात. पाच वर्षांची मुदत निवडण्यामागे व्यवहार आहे. हा रोग उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. पाच वर्षे निर्वेध गेली की तो उलटण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, पण शून्य होत नाही.

अभ्यासातील सगळे रुग्ण एकाच दिवशी दाखल होत नाहीत. काहींना शस्त्रक्रिया होऊन सहा वर्षे झालेली असतात, काहींना सहा महिने; काही जण गाव बदलतात आणि त्यांचा पत्ता लागत नाही. अशा अपुऱ्या नोंदीही वाया न घालवता हिशेबात घेण्याची रीत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये मांडली. वैद्यकीय लेखांमध्ये दिसणारी, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी आलेखरेषा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

‘एकूण उत्तरजीविता’ मोजताना मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी तो धरला जातो. ‘रोगमुक्त उत्तरजीविता’ मोजताना रोग उलटणे हीसुद्धा घटना मानली जाते, त्यामुळे हा आकडा नेहमी एकूण उत्तरजीवितेइतका किंवा त्याहून कमी असतो. वृत्तपत्रांत नव्या औषधाची बातमी देताना या दोहोंची सर्रास गल्लत होते. मृत्यूचे कारण वेगळे असू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज. कर्करोगामुळे २३ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांचे डावे फुप्फुस काढण्यात आले आणि ६ फेब्रुवारी १९५२ रोजी झोपेत त्यांचे निधन झाले. त्या वेळी जाहीर झालेले कारण हृदयाच्या रक्तवाहिनीतील गुठळी हे होते. असा मृत्यू एकूण उत्तरजीवितेच्या हिशेबात येतो, कर्करोगाने झालेल्या मृत्यूंच्या हिशेबात येत नाही.

मध्यांक हा आणखी एक गैरसमजाचा विषय आहे. ‘उत्तरजीवितेचा मध्यांक आठ महिने’ याचा अर्थ निम्मे रुग्ण आठ महिन्यांहून अधिक जगले असा होतो, आणि त्या निम्म्यांपैकी काहींचे आयुष्य खूप लांबलेले असू शकते. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये उदराच्या आवरणाचा कर्करोग झाला. तो वेगळ्या जातीचा रोग होता आणि त्याचा मध्यांक आठ महिने असल्याचे त्यांच्या वाचनात आले. मध्यांकाचा खरा अर्थ सांगणारा त्यांचा लेख १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते २००२ पर्यंत जगले.

इतिहास

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथील बार्न्स रुग्णालयात इव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी कर्करोगाच्या रुग्णाचे संपूर्ण डावे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले. पिट्सबर्गचे जेम्स गिलमोर हे ४८ वर्षांचे प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर हे त्यांचे रुग्ण. एक खंड काढण्याचा मूळ बेत होता. छाती उघडल्यावर तेवढ्याने भागणार नाही असे दिसले. अशा शस्त्रक्रियेतून माणूस वाचू शकतो याची तोवर खात्री नव्हती. गिलमोर केवळ वाचले असे नाही, तर एका फुप्फुसावर पुढे तीस वर्षे जगले आणि आपला व्यवसायही करीत राहिले. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

शस्त्रक्रिया करणारे ग्रॅहम त्यांच्या आधीच गेले. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ग्रॅहम यांना आरंभी मान्य नव्हता, आणि ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत. त्यांचे विद्यार्थी अर्न्स्ट विंडर यांच्याबरोबर त्यांनी ६८४ रुग्णांचा अभ्यास केला आणि १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाने हा संबंध ठळकपणे पुढे आणला. ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली. पण उशीर झाला होता. १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला.

त्यानंतरची सुमारे दोन दशके संपूर्ण फुप्फुस काढणे हीच योग्य शस्त्रक्रिया समजली जाई. बोस्टनचे एडवर्ड चर्चिल आदी शल्यविशारदांच्या अनुभवातून, रोगग्रस्त खंड आणि त्याच्या लसीका ग्रंथी काढणे पुष्कळांना पुरते आणि रुग्णाचा श्वासही अधिक शिल्लक राहतो, हे हळूहळू पटत गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बरगड्या न फाकवता, लहान छेदांतून कॅमेऱ्याच्या साहाय्याने खंड काढण्याची पद्धत रुजली. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या ‘व्हायोलेट’ चाचणीत अशा रुग्णांची शारीरिक क्षमता पाचव्या आठवड्यात मोठ्या छेदाच्या रुग्णांपेक्षा चांगली आढळली आणि कर्करोगाच्या दृष्टीने शस्त्रक्रियेत कोठे कमतरता दिसली नाही.

अवस्था आणि उत्तरजीविता

उत्तरजीविता ठरवणारी सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे रोगाची अवस्था. ती तीन गोष्टींवरून ठरते: गाठीचा आकार व तिने आसपास केलेला शिरकाव, लसीका ग्रंथींमध्ये झालेला प्रसार आणि दूरच्या अवयवांत झालेला प्रसार. शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन, पेट स्कॅन व ग्रंथींच्या तपासणीवरून ठरते ती चिकित्सकीय अवस्था. काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासल्यावर ठरते ती विकृतिशास्त्रीय अवस्था. दोन्ही नेहमी जुळतातच असे नाही. स्कॅनमध्ये स्वच्छ दिसलेल्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशी सापडतात आणि रुग्णाची अवस्था वर सरकते. घरच्यांना हा रोग अचानक वाढल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो आधीपासूनच तेथे असतो.

आंतरराष्ट्रीय अवस्था-वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीसाठी अनेक देशांतील रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यात विकृतिशास्त्रीय अवस्थेनुसार पाच वर्षांची उत्तरजीविता पुढीलप्रमाणे आढळली. पहिल्या अवस्थेतील एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी ९० टक्के, एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठींसाठी ८५ टक्के आणि दोन ते तीन सेंटिमीटरच्या गाठींसाठी ८० टक्के. पहिल्या अवस्थेच्या ‘ब’ गटात ती ७३ टक्के, दुसऱ्या अवस्थेच्या ‘अ’ गटात ६५ आणि ‘ब’ गटात ५६ टक्के होती. तिसऱ्या अवस्थेच्या ‘अ’ गटात ती ४१ टक्क्यांवर आणि ‘ब’ गटात २४ टक्क्यांवर उतरली. गाठ एकेका सेंटिमीटरने मोठी असली तरी आकडा पाच-पाच टक्क्यांनी खाली येतो, हे येथे दिसते. वर्गीकरणाची नववी आवृत्ती जानेवारी २०२५ पासून वापरात आली असून तिच्यात छातीच्या मध्यभागातील ग्रंथींचा प्रसार एका ठिकाणी आहे की अनेक ठिकाणी, असा भेद केला आहे.

हे आकडे ज्या रुग्णांचे आहेत त्यांच्यावर मुख्यतः विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उपचार झाले होते. पुढे वर्णन केलेली नवी औषधे त्यांपैकी बहुतेकांना मिळालेली नव्हती.

एकाच अवस्थेतील दोन रुग्णांचे भवितव्यही सारखे नसते. कापलेल्या कडेला सूक्ष्मदर्शकाखालीही कर्कपेशी उरल्या नाहीत ना, फुप्फुसाच्या आवरणात किंवा रक्तवाहिन्यांत शिरकाव आहे का, पेशींची रचना कशी आहे, यांवर पुष्कळ अवलंबून असते. अडिनोकार्सिनोमामध्ये वायुकोशांच्या भिंतींना धरून पसरणारी रचना सौम्य मानतात, तर सूक्ष्म-अंकुरी व घन रचना उग्र मानतात. लसीका ग्रंथी किती तपासल्या हेही पाहावे लागते. मोजक्याच ग्रंथी काढून ‘प्रसार नाही’ असा निष्कर्ष काढलेला अहवाल पुरेसा विश्वसनीय ठरत नाही.

आकड्यांतील एक चकवा

जुन्या व नव्या काळातील, किंवा दोन रुग्णालयांतील उत्तरजीवितेची तुलना करताना एक विलक्षण फसगत होऊ शकते. शाळेचे उदाहरण घेतले तर ती पटकन ध्यानात येते. ‘अ’ तुकडीतील तीन मुलांना ९०, ८० व ६० गुण आहेत आणि ‘ब’ तुकडीतील तिघांना ५०, ४० व ३० गुण. ‘अ’ ची सरासरी सुमारे ७७ आणि ‘ब’ ची ४०. आता ६० गुणांचा मुलगा ‘ब’ तुकडीत घातला, तर ‘अ’ ची सरासरी ८५ होते आणि ‘ब’ ची ४५. दोन्ही तुकड्या सुधारल्या, पण एकाही मुलाचा एकही गुण वाढलेला नाही.

ॲल्व्हन फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हाच प्रकार फुप्फुसाच्या कर्करोगाच्या नोंदींत दाखवून दिला. १९७७ मधील रुग्णांची उत्तरजीविता १९५३ ते १९६४ या काळातील रुग्णांपेक्षा प्रत्येक अवस्थेत चांगली दिसत होती. नव्या तपासण्यांमुळे पूर्वी न दिसणारा प्रसार दिसू लागला होता आणि पहिल्या अवस्थेत गणले गेले असते असे रुग्ण पुढच्या अवस्थांत गेले होते. पहिल्या अवस्थेतून तुलनेने आजारी रुग्ण वजा झाले. पुढच्या अवस्थेत तुलनेने बरे रुग्ण जमा झाले. लक्षणांच्या आधारे, म्हणजे तपासणीच्या साधनांवर अवलंबून नसलेल्या कसोटीने वर्गवारी केली तेव्हा दोन्ही काळांतील फरक नाहीसा झाला. फाइनस्टाइन यांनी या प्रकाराला विल रॉजर्स या अमेरिकी विनोदवीराचे नाव दिले. दोन राज्यांतील स्थलांतराने दोन्हीकडची सरासरी बुद्धिमत्ता वाढल्याचा एक विनोद रॉजर्स यांच्या नावावर सांगितला जातो. पेट स्कॅन सर्रास होऊ लागल्यानंतरच्या आकड्यांनाही हा इशारा लागू पडतो.

किती भाग काढावा

उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात. प्रत्येक खंडाचे उपखंड असतात. संपूर्ण खंड काढावा की केवळ उपखंड, हा वाद दीर्घकाळ चालला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत, कमी भाग काढलेल्या रुग्णांमध्ये त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले आणि पुढील पाव शतक खंड काढणे हाच दंडक ठरला.

मधल्या काळात सीटी स्कॅनमुळे फार लहान गाठी सापडू लागल्या आणि प्रश्न पुन्हा विचारावा लागला. जपानमध्ये दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या १,१०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. उपखंड काढलेल्या गटात पाच वर्षांची उत्तरजीविता ९४.३ टक्के, तर खंड काढलेल्या गटात ९१.१ टक्के होती. विशेष म्हणजे रोग त्याच बाजूला उलटण्याचे प्रमाण उपखंड गटात जवळजवळ दुप्पट, १०.५ टक्के विरुद्ध ५.४ टक्के होते. तरीही त्या गटातील अधिक जण जगले. खंड काढलेल्या गटात अन्य कारणांनी, त्यांतही अन्य कर्करोगांनी, अधिक मृत्यू झाले होते. शिल्लक राहिलेले फुप्फुस पुढच्या आजारपणात उपयोगी पडते, असा याचा एक अर्थ लावला जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६९७ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीतही कमी भाग काढणे खंड काढण्याच्या तोडीचे ठरले. मोठ्या किंवा ग्रंथींत पसरलेल्या गाठींना हे निष्कर्ष लागू नाहीत.

संपूर्ण फुप्फुस काढणे आता शक्यतो टाळले जाते. खंड काढण्याच्या शस्त्रक्रियेत अनुभवी केंद्रांवर दगावणाऱ्यांचे प्रमाण साधारण एक-दोन टक्के असते. संपूर्ण फुप्फुस काढताना ते कित्येक पटींनी अधिक असते.

औषधांची जोड

दृष्टीस पडणारी गाठ पूर्ण निघाली तरी रक्तातून आधीच निसटलेल्या पेशी अन्यत्र वाढू शकतात. दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेत शस्त्रक्रियेनंतर सिस्प्लॅटिनवर आधारित रसायनोपचार देण्यामागे हे कारण आहे. पाच चाचण्यांतील ४,५८४ रुग्णांच्या २००८ मधील एकत्रित विश्लेषणात त्याने पाच वर्षांच्या उत्तरजीवितेत ५.४ टक्क्यांची भर पडलेली दिसली. म्हणजे शंभर जणांनी उपचाराचा त्रास सोसला तर त्यामुळे पाच-सहा अधिक जण वाचतात. पहिल्या अवस्थेच्या ‘अ’ गटाला त्याचा लाभ दिसला नाही, उलट अपायाची शक्यता दिसली.

मोठी झेप लक्ष्यवेधी औषधांनी घेतली. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात विशिष्ट बदल असतो, अशा ६८२ रुग्णांवरील ‘अडॉरा’ चाचणीत शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांपर्यंत ओसिमर्टिनिबच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर औषध घेतलेल्यांपैकी ८८ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ७८ टक्के हयात होते. एएलके जनुकातील बदल असलेल्यांसाठी अलेक्टिनिबचा असाच उपयोग होतो. मात्र तेथे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला लाभ रोगमुक्त काळाचा आहे.

तिसरा मार्ग शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणाऱ्या औषधांचा. ‘चेकमेट ८१६’ चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वीच रसायनोपचाराबरोबर निवोलुमॅबच्या तीन मात्रा दिल्या. काढलेल्या भागात एकही जिवंत कर्कपेशी न सापडण्याचे प्रमाण २४ टक्के होते; केवळ रसायनोपचार घेतलेल्यांत ते २.२ टक्के होते. पाच वर्षांची उत्तरजीविता ६५.४ टक्के विरुद्ध ५५ टक्के राहिली. अशा उपचारांमुळे शस्त्रक्रियेआधीच गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी करणे अगत्याचे झाले आहे.

शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

पहिल्या काही दिवसांत छातीतील नळीवाटे हवा गळत राहणे, न्यूमोनिया आणि हृदयाचे ठोके अनियमित होणे या नेहमीच्या अडचणी होत. तीन चेंडूंच्या उपकरणाने श्वास ओढण्याचा व्यायाम, लवकर उठून चालणे आणि वेदनांवर पुरेसा ताबा यांनी त्या कमी होतात. धूम्रपान सोडण्याला कधीच उशीर झालेला नसतो. निदानानंतर सोडणाऱ्यांचे भवितव्यही न सोडणाऱ्यांपेक्षा चांगले आढळते. जिना चढताना लागणारी धाप, जखमेच्या रेषेवरची बधिरता किंवा ठणका मात्र काहींना महिनोन्‌महिने पुरतो. उत्तरजीवितेच्या आकड्यात या गोष्टी दिसत नाहीत.

रोग उलटतो तेव्हा तो बहुधा दूरच्या अवयवांत उलटतो: मेंदू, हाडे, यकृत, अधिवृक्क ग्रंथी. याखेरीज उरलेल्या फुप्फुसात संपूर्ण नवा कर्करोग होण्याचा धोका दरवर्षी एक-दोन टक्के राहतो आणि तो वर्षे लोटली म्हणून ओसरत नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा सीटी स्कॅन करण्याची प्रथा आहे. फ्रान्समधील १,७७५ रुग्णांच्या चाचणीत नियमित सीटी स्कॅनमुळे एकूण उत्तरजीविता निश्चितपणे वाढल्याचे सिद्ध झाले नाही. तरी नवा कर्करोग लवकर हाती लागावा यासाठी ही प्रथा टिकून आहे.

भारतातील स्थिती

जगात २०२२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २४ लाख ८० हजार नवे रुग्ण आढळले. भारतातील नव्या रुग्णांचा अंदाज सुमारे ८१ हजारांचा आहे. भारतातील बहुतांश रुग्णांचे निदान तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत होते. त्यामुळे वर दिलेले पहिल्या अवस्थेचे आकडे येथे फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

विलंबाचे एक कारण क्षयरोगाशी असलेले साम्य हे आहे. दीर्घ खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणे आणि क्ष-किरण चित्रात डाग ही दोन्ही रोगांची लक्षणे आहेत. क्षय आपल्याकडे सर्वत्र आढळत असल्याने थुंकीत जंतू सापडले नसतानाही त्याची औषधे सुरू केली जातात आणि गुण येत नाही हे कळेपर्यंत काही महिने उलटतात. औषधे सुरू होऊनही डाग वाढत असेल, तर सीटी स्कॅन व बायॉप्सी लांबवू नये, असे तज्ज्ञ सांगतात. दुसरे कारण, हा रोग केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा ही समजूत. कधीही धूम्रपान न केलेल्या रुग्णांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रमाण भारतात लक्षणीय आहे. अडिनोकार्सिनोमाच्या भारतीय रुग्णांमध्ये ईजीएफआर जनुकातील बदलही पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक, साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास आढळतो. लक्ष्यवेधी औषधांच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे.

अमेरिकेत ५३,४५४ जणांवर झालेल्या चाचणीत, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांची कमी किरणमात्रेच्या सीटी स्कॅनने दरवर्षी तपासणी केल्यास या रोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, असे २०११ मध्ये दिसून आले. भारतात अशी राष्ट्रीय तपासणी योजना नाही. जुन्या क्षयाचे व्रण स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसत असल्याने येथे अनावश्यक बायॉप्सींची संख्या वाढण्याची भीती व्यक्त केली जाते.

महाराष्ट्रात मुंबईचे १९४१ मध्ये स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय हे या शस्त्रक्रियांचे प्रमुख केंद्र आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेण्याचे काम लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी केंद्रे करतात. भारतातील असे पहिले केंद्र १९६० च्या दशकात मुंबईत सुरू झाले आणि ग्रामीण भागातील पहिले केंद्र १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाले.